थोरांची चरित्रे आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी वाचन मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला, 'थोरांच्या चरित्रांपासून प्रेरणा'. विषय ऐकून आमच्यातलेच काहीजण म्हणाले, यात नवीन काय बोलणार? जयंतीला, महापरिनिर्वाण दिनाला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण हेच तर ऐकतो. खरं आहे. पण ऐकून काय होतं, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. तेव्हा आमच्याच हातून झालेली एक चूक आठवली. आज ती तुमच्यासमोर सांगायची असं मंडळानं ठरवलं आहे.

दरवर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की आपण विहारात गुणगौरव समारंभ घेतो. शाल, गुलाबपुष्प, वह्या, पेन असा कार्यक्रम असतो. फार चांगला उपक्रम आहे. पण नावे पुष्कळ येतात आणि पैसा कमी पडतो, म्हणून आपण एक अट घातली होती. साठ टक्क्यांच्या वरच्यांनाच सत्कार. दोन वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतल्या एका मुलाची आई, चार घरची धुणीभांडी करून थेट कार्यक्रमाला आली. पदराला हात पुसत आम्हाला विचारू लागली, "आमच्या पोराचं नाव न्हाई का घेणार? पास झालाय की तो." मुलाला एक्केचाळीस टक्के होते. आम्ही नियम सांगितला. बाई काही बोलली नाही, मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मुलगा बाहेर पायरीवर होता. तो आत आलाच नाही, आणि त्या दिवसानंतर विहारातही आला नाही.

पुढे वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाल्यावर रविवारी आम्ही बाबासाहेबांचे चरित्र वाचायला घेतले. धनंजय कीर यांच्या चरित्रात एक आकडा आला आणि वाचणारा थांबला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. आम्ही तिथेच कागदावर हिशेब केला. शेकडा अडतीसही होत नाहीत! सगळे गप्प झाले. मग एक ताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आपल्या गुणगौरवात बाबासाहेबांचाच सत्कार झाला नसता की हो."

बंधू-भगिनींनो, त्या काळची परीक्षा कठीण होती. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये अस्पृश्य म्हणून ज्याला संस्कृतऐवजी फारसी घ्यावी लागली, परळच्या चाळीतल्या खोलीत ज्याचा अभ्यास झाला, त्या मुलाने मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट होती. आजच्या टक्क्यांशी त्याची तुलना करू नये हे आम्हालाही कळते. तरीपण तो आकडा आम्हाला लागायचा तो लागलाच. इतकी वर्षे आम्ही बाबासाहेबांचा फोटो मुलांपुढे धरला, पण कसा? इतका उंच की मूल म्हणतं, ते बाबासाहेब होते, आपल्याला कुठलं जमणार! ज्यांच्या नावानं धीर यावा, त्यांच्याच नावानं लेकरांचा धीर सुटत असेल, तर वाचणाऱ्याचा नव्हे, आम्हा सांगणाऱ्यांचाच दोष आहे.

आता त्यावेळच्या लोकांनी काय केले ते बघा. समाजातला एक मुलगा परीक्षा पास झाला म्हणून त्यांनी सभा भरवली. चरित्रकार सांगतात की ही सभा मॅट्रिकच्या वेळची, आणि सीताराम केशव बोले तिचे अध्यक्ष होते. बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र ही इंग्रजी चौथीच्या वेळची आठवण म्हणून सांगितली आहे, आणि अध्यक्ष दादा केळुसकर होते असे म्हटले आहे. वेळ कोणतीही धरा, गोष्टीचा गाभा तोच राहतो. लोक परवानगी मागायला रामजीबाबांकडे गेले तर त्यांनी साफ नकार दिला. पोरगा नुसती परीक्षा पास झाला आहे, सत्कारानं त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. ते रामजीबाबांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. केळुसकरांनी समजूत घातली, थोडा वाद झाला, आणि शेवटी बाप कबूल झाला.

हे केळुसकर गुरुजी शिक्षक होते, लेखक होते. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी त्याची विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली. आणि त्या सभेच्या शेवटी त्यांनी आपण स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. पुढे कॉलेजच्या शिक्षणाला पैसा कमी पडला तेव्हा महाराज सयाजीराव गायकवाडांपर्यंत भीमरावांना नेले तेही केळुसकरांनीच. त्यातून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

एक पुस्तक, बंधू-भगिनींनो! आणि तेही एका माणसाचे चरित्र. बाबासाहेब प्रस्तावनेत सांगतात की ते पुस्तक त्यांनी मोठ्या आवडीने वाचले आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले, त्याचे एक बीज त्या लहानशा सभेत पडलेले होते. देणाऱ्या केळुसकरांना हे ठाऊक होते का? मुळीच नाही. त्यांनी एका वाचणाऱ्या मुलाला चांगले पुस्तक दिले, एवढेच.

याच प्रस्तावनेत आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हाला फार मोलाची वाटते. रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने बापाला सरळ प्रश्न केला, की ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांना कमी लेखलेले आहे ते आम्ही का वाचायचे? पहिल्यांदा बापाने गप्प बसवले. पुन्हा विचारल्यावर मात्र खरे उत्तर दिले. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात कमीपणाची भावना येणं साहजिक आहे. द्रोण बघा, कर्ण बघा, लहान स्थितीतली माणसे, पण केवढी उंच गेली. वाल्मीकी तर कोळी. हे वाचून मनातला न्यूनगंड जावा, म्हणून वाचायला सांगतो.

काय तळमळ असेल त्या बापाची! आपल्या लेकरासमोर ठेवायला आपल्यातला एखादा मोठा माणूस तो शोधतो आहे, आणि हाताशी जी पुस्तके होती त्यातूनच शोधतो आहे. मुलाला बापाच्या बोलण्यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. त्या पात्रांचे वागणे त्याला पटेना. बुद्धाचे चरित्र मात्र पटले. म्हणजे बघा, दिलेले प्रत्येक चरित्र त्याने निमूटपणे गिळले नाही. तपासले, प्रश्न केले, आणि मग स्वीकारले. आम्ही याला चरित्र वाचण्याचा पहिला धडा म्हणतो.

पुढे बाबासाहेबांनी हीच गोष्ट मोठ्या व्यासपीठावरून सांगितली. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेची चिकित्सा केली. मोठ्या माणसाबद्दल मनापासून आदर बाळगणे ही एक गोष्ट, आणि आपली बुद्धी गहाण टाकून त्याच्या मागे जाणे ही दुसरी. पहिली चालेल, दुसरी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणातही राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे नेते, असा इशारा त्यांनी दिला. आणि तथागतांनी तर कालामांना सांगितलेच होते, की मोठ्या माणसाने सांगितले एवढ्यावर मानू नका, स्वतः पारखून घ्या. मग आपण बाबासाहेबांना नुसता हार घालून त्यांचं चरित्र कपाटात बंद ठेवलं, तर ते त्यांना तरी आवडलं असतं का?

मग चरित्र वाचायचे कसे? आम्हाला वाटते, मोठेपणाच्या पानांपाशी जितके थांबतो तितकेच अडचणीच्या पानांपाशी थांबावे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या बाबासाहेबांच्या छोट्या आठवणी आहेत. त्यात १९०१ सालची एक हकिकत आहे. वडील कोरेगावला नोकरीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत या म्हणून त्यांनी पत्र पाठवले. भीमराव घरच्या मुलांसोबत नवे कपडे घालून आनंदाने निघाला. मसूर स्टेशनावर उतरले तर घ्यायला कोणी नाही, कारण मुलांचे पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते. स्टेशन मास्तर आधी प्रेमाने चौकशी करतो, आणि जात कळताच चेहरा पालटून आपल्या खोलीत निघून जातो. गाडीवाले न्यायला तयार नाहीत. शेवटी एकजण दुप्पट भाड्याला तयार झाला, पण गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूने पायी चालणार. रात्री नाक्यावर पोचले. डबा भरलेला, पण पाणी कोणी देईना. भाकरी जवळ असून पोरे उपाशी झोपली.

ही हकिकत आम्ही मुलांना वाचून दाखवली तेव्हा एक लहान मुलगी म्हणाली, "त्यांना पण तहान लागायची?" सभागृहात हसू झाले, पण आम्हाला हसू आले नाही. तिला त्या दिवशी पहिल्यांदा बाबासाहेब भेटले, फोटोतले नव्हे, तिच्याएवढे.

आणि अपयशाचं काय? तेही सांगितलं पाहिजे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परत यावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान पुस्तकांसकट युद्धात समुद्रात बुडाले. पुढे सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पै-पै जमवली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. तिथे प्रबंध दिला तर परीक्षकांनी तो दुरुस्त करायला सांगितला. मुंबईला येऊन त्यांनी तो दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. एटीकेटी लागलेल्या, पुरवणी परीक्षेला बसलेल्या मुलाला यातले कोणते पान आधी वाचून दाखवाल, तुम्हीच सांगा.

चरित्राच्या पानांत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे मागे उभी असलेली माणसे. आई भीमाबाई लवकर गेल्या, तेव्हा पोरांना सांभाळणारी आत्या मीराबाई. मध्यरात्रीनंतर दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवणारे, पुस्तकासाठी लेकींच्या दारी जाऊन त्यांचे दागिने गहाण टाकायला आणणारे रामजीबाबा. चार लेकरे डोळ्यांसमोर गेली तरी संसार ओढत राहिलेल्या रमाई. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. १९४० साली निघालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या रामूच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्यातला प्रत्येकजण बाबासाहेब होणार नाही, पण रामजीबाबा, मीरा आत्या, केळुसकर गुरुजी व्हायला कोणाची आडकाठी आहे?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ तुम्ही दर वर्षावासात ऐकता. त्यात राजे आहेत, श्रेष्ठी आहेत. पण बाबासाहेबांनी तेवढ्याच आस्थेने उपाली न्हाव्याची, झाडलोट करणाऱ्या सुणीताची, सोपाकाची, प्रकृती नावाच्या चांडाल मुलीची कथा मांडली. तथागतांच्या संघात थेरींच्याही कथा जपल्या गेल्या. नवरा, दोन मुले, आईबाप गमावून वेडी झालेली पटाचारा, आणि मेलेले बाळ कडेवर घेऊन दारोदार औषध मागणारी किसा गोतमी. अडीच हजार वर्षे झाली तरी या बायका आपल्याला माहीत आहेत. का? कोणीतरी त्यांची गोष्ट पाठ केली, कोणीतरी लिहून ठेवली म्हणून.

इथे आम्ही आमची दुसरी चूक सांगतो. आपल्या वस्तीत एक आजी होत्या. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत त्या दादरला गेल्या होत्या, आणि भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथे जमलेल्या अथांग जनसमुदायाला दीक्षा दिली त्यात त्याही होत्या. आम्हाला हे ठाऊक होते. एकदा निवांत बसून सगळं लिहून घेऊ, असे दरवर्षी म्हणत राहिलो. मागच्या पावसाळ्यात आजी गेल्या. आज आमच्यापाशी त्यांचे एकच वाक्य आहे, की गर्दीत चपला गेल्या आणि अनवाणी घरी आले. बाकी काही नाही. कोणाबरोबर गेल्या, कडेवर लेकरू होते का, घरातला देव्हारा कोणी काढला, सासू काय बोलली, काही म्हणजे काही आम्हाला माहीत नाही. ते सगळे त्यांच्याबरोबर गेले. १९५६ साली जो दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. किती दिवस 'उद्या' म्हणायचे?

लिहायला मोठं शिक्षण लागतं असंही नाही. बेबीताई कांबळे यांचे फलटणला छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, आणि घरच्यांना कळू न देता लिहीत. त्यातून 'जिणं आमुचं' झालं. शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या, त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. दोन्ही पुस्तके १९८६ साली निघाली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव फिरल्या, बाबासाहेबांच्या चळवळीत काम केलेल्या बायकांना भेटल्या, त्यांचे बोलणे लिहून घेतले. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्या कितीतरी बायका आमच्या आजींसारख्याच न सांगता गेल्या असत्या.

म्हणून या वर्धापनदिनी आम्ही तीन गोष्टी मागतो.

पहिली, यंदापासून गुणगौरवातली टक्क्यांची अट काढून टाकावी. जो परीक्षेला बसला त्याला बोलवावे, नापास झाला त्यालाही. शाल कमी द्या, चालेल. प्रत्येकाच्या हातात एक चरित्र ठेवा आणि त्यावर देणाऱ्याने स्वतःच्या हाताने मुलाचे नाव लिहावे.

दुसरी, दर रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर अर्धा तास चरित्रवाचन होते, तिथे मोठ्यांनीही बसावे. मुलांना नुसते पाठवू नये. मुलाने अवघड प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नये. रामजीबाबांनीही आधी गप्प बसवले होते, पण शेवटी खरे उत्तर दिले.

तिसरी, प्रत्येक घराने आपल्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची गोष्ट लिहून विहारात आणून द्यावी. मोबाईलवर आवाज भरून घेतला तरी चालेल. मुलांनी विचारायचे प्रश्न साधे आहेत. गाव कोणते, गावात पाणी कुठून भरायचात, मुंबईला कोणाच्या आधाराने आलात, पहिली खोली कोणी दिली, घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेले, दीक्षा कधी घेतली आणि त्या दिवशी घरात काय झाले. एवढे झाले तरी पुढच्या स्मरणिकेला मजकूर कमी पडणार नाही.

त्या एक्केचाळीस टक्क्यांच्या मुलाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो आकडा वाचल्यावर पुढच्याच आठवड्यात आम्ही त्याच्या घरी गेलो. तो कुरियरच्या कामाला लागला होता. आम्ही त्याच्या आईची माफी मागितली आणि त्याला बाबासाहेबांचे चरित्र दिले. २८२ गुणांचे पान उघडून दाखवले. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला, बोलला काही नाही. यंदाच्या वर्षावासात दोन रविवारी तो मागच्या रांगेत बसलेला दिसला. पुढे काय होईल ते आम्हाला ठाऊक नाही. केळुसकर गुरुजींना तरी कुठे ठाऊक होते? पुस्तक देणे आपल्या हातात आहे, ते आपण देऊ या.

 

नमो बुद्धाय! जयभीम!